रामघाटाच्या वाटेचा नकाशा

प्रतिभा पागनीस पंधरा वर्षांची होती तेव्हा सिंधमधून आलेली माणसं ट्रंका-वळकट्यांसकट उज्जैनच्या स्टेशनावर उतरत होती. तिचे वडील भय्यासाहेब बांधकाम खात्यात ओव्हरसियर. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, कचेरीची पाटी बदलून मध्यभारताची झाली, पण भय्यासाहेबांचं टेबल तेच राहिलं आणि काम मात्र दुपटीने वाढलं. निर्वासितांसाठी बराकी उभ्या करायच्या होत्या. संध्याकाळी माधवनगरच्या घरी ओसरीवर नकाशा पसरून ते बसत, आणि प्रतिभा त्याची टोकं धरून.

"सगळी दारं एकाच बाजूला का?" एकदा तिने विचारलं. "दारात उभं राहिलं की पुढच्या बराकीची पाठच दिसणार."

"सरकारी नमुना आहे, बेटा. असाच येतो."

"दोन रांगा समोरासमोर केल्या तर नमुना बिघडेल?"

भय्यासाहेब हसले, आणि विषय तिथेच राहिला. पण बराकी उभ्या राहिल्यावर ते तिला सायकलवर बसवून तिथे घेऊन गेले. दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. मधल्या जागेत खाटांवर पापड वाळत होते, बायका दारादारातून एकमेकींशी बोलत होत्या, पोरं धावत होती. एका म्हाताऱ्या बाईंना भय्यासाहेब म्हणाले, "ये दरवाज़े इसी की ज़िद से आमने-सामने आए हैं." बाईंनी प्रतिभाला खाटेवर बसवलं, भाजलेला पापड हातात दिला आणि कितीतरी वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. घरी परतताना प्रतिभाने ठरवून टाकलं होतं.

इंटर झाल्यावर मुंबईला जाऊन वास्तुरचना शिकायची म्हणताच तिच्या आईने, माईने, डोक्याला हात लावला. "घरं बांधायला गवंडी आहेत की! पोरीने का विटा मोजायच्या?"

"विटा मी मोजल्या जन्मभर," भय्यासाहेब म्हणाले. "ती शहर कसं असावं ते शिकणार आहे."

माईने अबोला धरला. मग एका सकाळी तिने काही न बोलता लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं, आणि प्रतिभाला समजलं की परवानगी मिळाली.

मुंबईत वर्गात मुली तीनच. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "झाला का नकाशा?" प्रतिभा उभी राहून म्हणाली, "अजून काढून राहिले आहे, सर." अख्खा वर्ग हसला. शेजारची गिरगावची उषा तेवढी हसली नाही. तास संपल्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडे असं बोलतात? मला आवडलं." महिन्याभरात उषाच सगळ्यांना सांगत सुटली, "मी जेवून राहिले आहे, मध्ये बोलू नका." चेष्टेतला काटा निघून गेला. प्रतिभाच्या रेघा वडिलांच्या तालमीतल्या, सरळसोट. पण इमारत डोळ्यांपुढे उभी करून चितारणं तिला जमत नसे. ते उषाने शिकवलं, रविवारच्या रविवार, स्वतःचं काम बाजूला ठेवून.

सर कडक होते. "आधी माणूस कुठून कुठे चालतो ते काढा," ते म्हणत, "भिंती मागाहून." शेवटच्या वर्षी प्रबंधाला विषय घ्यायचा होता. चंदीगड नुकतं उभं राहत होतं, मुलांच्या बोर्डांवर रुंद रस्ते आणि उंच इमारती आल्या होत्या. प्रतिभाने विषय दिला : उज्जैन स्टेशन ते रामघाट.

"मी आधुनिक शहर म्हटलं होतं," सर म्हणाले. "तीर्थयात्रा नव्हे."

"सर, गावात सव्वा लाख माणसं राहतात. पर्वणीला त्याच्या कितीतरी पट येतात आणि त्याच रस्त्याने चालतात. त्यांचं शहर कोण काढणार?"

सर म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत मोजून आणा. मग बोलू."

भय्यासाहेबांनी रजा टाकली आणि टेपचं दुसरं टोक धरलं. गोपाळमंदिराजवळ एका दुकानदाराने घाबरून विचारलं, "भय्यासाहब, सड़क चौड़ी हो रही है क्या?"

"नहीं भाई, बिटिया की परीक्षा है."

त्याने लगेच दोघांसाठी चाय मागवली.

कार्तिकस्नान सुरू होतं. माई घाटावर आली तेव्हा प्रतिभा पायऱ्यांची मापं घेत होती. पाण्यातून निघालेल्या बायका एकमेकींसाठी लुगडं धरून आडोसा करत होत्या. वाऱ्याने तो उडत होता. प्रतिभाचा हात थांबला.

"माई, तू कुठे कपडे बदलतेस?"

माई गोंधळली. "हे काय विचारणं झालं?" आणि मग म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून ओल्या लुगड्यात आडोसा शोधते आहे, झालं. कोणी विचारलंच नाही कधी."

ती पायरीवर बसली आणि बोलत राहिली : कोणती पायरी निसरडी, लेकरं कुठे चुकतात, म्हाताऱ्यांना परतताना कुठे धाप लागते. प्रतिभा लिहून घेत होती. मुंबईच्या शिक्षणाला नावं ठेवणारी आपली आई आज आपल्या बाजूला बसली आहे, या विचारानेच तिला भरून आलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. सावलीची झाडं, पाणपोया, बसायचे कट्टे पाहत त्यांचं बोट घाटावरच्या लहानशा चौकोनांवर थांबलं. "हे काय?"

"बायकांसाठी कपडे बदलायच्या खोल्या. दगडी भिंती, वरून उघड्या."

मागे कोणीतरी हसू दाबलं. परीक्षकांनी मान वर केली नाही. "माझी आई नाशिकची," एवढंच म्हणाले आणि पुढचा कागद उलटला. प्रतिभा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली.

पंचावन्न साली ती परत आली तेव्हा सिंहस्थाची तयारी सुरू होत होती. तिला तात्पुरतं काम मिळालं. तिचा पूर्ण रस्ता कोणी स्वीकारला नाही. काही कडुनिंब लागले आणि रामघाटापासून थोड्या अंतरावर दोन खोल्या उभ्या राहिल्या. उद्घाटन वगैरे नव्हतंच. पहिल्या सकाळी शेजारच्या अक्कांना घेऊन माई आत गेली आणि कोरडं पातळ नेसून, केस पुसत बाहेर आली.

"कसं आहे?" प्रतिभाने विचारलं.

"चांगलं आहे. पण कोनाडा नाही गं! कुंकवाची डबी ठेवायची कुठे?"

प्रतिभा पोट धरून हसली. दोन्ही खोल्यांत कोनाडे झाले.

पुढच्या वर्षी राज्याची पुनर्रचना झाली. मध्यभारत संपलं, राजधानी भोपाळला गेली, आणि नव्या नगररचना खात्यातून प्रतिभाला बोलावणं आलं. या खेपेला माईने अबोला धरला नाही. स्वतःच ट्रंक काढून पुसायला घेतली.

रुजू होण्याआधी प्रतिभा मुंबईला जाऊन आली. उषा आता एका कचेरीत काम करत होती. दोघी मिळून सरांच्या घरी गेल्या. सरांनी विचारलं, "त्या रस्त्यातलं किती झालं?"

"दोन खोल्या आणि थोडी झाडं, सर."

"माझं या मुंबईत तेवढंही झालं नाही," ते म्हणाले आणि मनापासून हसले.

सरांना कोणी पाया पडलेलं खपत नसे. विद्यार्थी वाकला की ते दोन पावलं मागे सरत. प्रतिभा वाकली तेव्हा मात्र ते जागचे हलले नाहीत. ती उठल्यावर त्यांनी विचारलं, "झाडं जगतील ना?"

"कडुनिंब आहेत, सर. भय्यासाहेब रोज पाहून येतात."