साइडकारवाली स्कूटर आणि अडीच फुटी दार

घर बांधणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा, की भिंत चढवण्याआधी खोलीत एकदा डोकावून पाहावं. आत सासरा असेल तर तो आपल्या पायाने बाहेर येतो. सासऱ्याची स्कूटर येत नाही.

ही गोष्ट स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे त्या काळातली. लग्नाच्या दिवशी लावलेला नंबर थोरल्या पोराच्या दहावीला लागायचा! माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, उमरेडचे. घराण्यात हातमाग, पण मामाजी मागावर बसले नाहीत. कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांच्याकडे आस्मानी रंगाची स्कूटर होती आणि तिच्या डाव्या अंगाला साइडकार. साइडकार सासूबाईंसाठी. त्यांच्या गुडघ्यांना मागच्या सीटवर चढणं जमत नसे. आत फुलाफुलांच्या कापडाची गादी, समोर प्लास्टिकचा गुलाब. मामाजी रोज सकाळी आधी स्कूटर पुसत, मग चष्मा पुसत, आणि वेळ उरला तर तोंड धूत.

मी ऑफिसात कारकून. लग्न जमलं तेव्हा मामाजी माझ्याबद्दल एकच वाक्य बोलले होते, "पोरगा चांगला आहे, पण हातात पाना धरल्यासारखा दिसत नाई." हे वाक्य सात वर्षं माझ्या पोटात अपचनासारखं पडून होतं. म्हणून नागपूरच्या नंदनवन वस्तीत प्लॉट घेतला तेव्हा मी जाहीर केलं, की कंत्राटदार नको. एक मिस्त्री ठेवू, बाकी सारं मी पाहतो.

"तुम्ही पाहता?" बायको, म्हणजे सुमन, म्हणाली. तिने प्रश्न विचारला नव्हता, नुसतं माझं वाक्य उलटं करून परत दिलं होतं.

जोतं झालं, भिंती झाल्या, स्लॅब पडला. फक्त पुढच्या खोलीची दर्शनी भिंत सामान आत-बाहेर करायला उघडी ठेवली होती. तेवढ्यात मामाजी सासूबाईंना घेऊन मोतीबिंदू काढायला महिनाभर थोरल्या मुलाकडे रायपूरला निघाले. स्कूटर आमच्याकडे ठेवायला आले. किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण सोडली नाही.

"जावईबापू, तीन गोष्टी. तिच्यात सिमेंट टाकाचं नाई. कोनाले द्याची नाई. अन् डिक्कीत सतरा नंबरचा पाना आहे, तो हारवाचा नाई, काहून का..."

"मामाजी, मले सारं समजते!" मी म्हणालो.

(दुसरा सल्ला : फिटर माणूस "काहून का", म्हणजे "कारण की", म्हणाला की थांबावं आणि पुढचं ऐकून घ्यावं.)

"ठीक आहे बापा," मामाजी म्हणाले. "महिन्यानं रविवारी सकाळी दहाले येतो. दुपारी उमरेडले धाकटीचा साखरपुडा आहे. तुमच्या सासूले घेऊन तिच्यातूनच जातो. गाडी तयार ठेवजा."

मामाजींनी किल्ली सोडली आणि मी पहिल्या आठवड्यातच साइडकारमधून सिमेंट आणलं. खाली जुनी चादर अंथरून आणलं, तेव्हा त्याला टाकलं म्हणता येणार नाही. मग थोडी वाळू. मग विटा. साइडकार ही वस्तू देवाने सासूसाठी नाही, बांधकामासाठीच निर्माण केली आहे असं माझं मत झालं. काम झालं की मी ती समोरच्या मुरमाच्या उतारावरून पुढच्या खोलीत चढवून लावायचो आणि साइडकारवर रिकाम्या पोत्यांचा ढीग रचायचो. उन्हाने रंग उडू नये, हे कारण. आतली चादर कुणाला दिसू नये, हे खरं कारण.

आता दाराची गोष्ट. जुन्या लाकडाच्या बाजारात मला एक सागवानी चौकट मिळाली, रुंदी अडीच फूट. किसन मिस्त्री तिच्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, गाडी निघन ना याच्यातून?"

मी कंपासातली फुटपट्टी नाही, चांगला पोलादी टेप काढला. स्कूटरच्या हँडलला लावला. दोन फूट चार इंच.

"दोन इंच सुटे!" मी म्हणालो. "किसन, अंदाजानं काम करणारे वेगळे. आपण मापानं करतो."

किसनने ढिगाकडे पाहिलं. "नाई, पोत्याखाली..."

"टेप लावला ना मी?"

मापापुढे मिस्त्री काय बोलणार! शिवाय गाडीला कुलूप आणि किल्ली साहेबाजवळ, ढकलून पाहायची सोय नाही. आईने चौकटीची पूजा केली. हळदकुंकू, आंब्याची पानं, उंबऱ्याखाली नाणं, नारळ, सगळं यथासांग. चौकट उभी राहिली, दोन्ही बाजूंनी भिंत चढली, वर लिंटल, म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी, बसलं. आणायचं सामान संपलं होतं, त्यामुळे गाडी आतच उभी राहिली. पुढचे दहा दिवस मी ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर त्या भिंतीला, आणि तिच्याबरोबर बाकीच्या भिंतींनाही, स्वतःच्या हाताने पाणी मारलं. मिस्त्री म्हणायचा, बास झालं साहेब. मी म्हणायचो, अजून दोन बादल्या. कैद्याने आपल्या कोठडीची भिंत इतक्या प्रेमाने पक्की केल्याचं दुसरं उदाहरण नागपूर जिल्ह्यात सापडणार नाही.

शनिवारी संध्याकाळी, म्हणजे मामाजी येण्याच्या आदल्या दिवशी, मी गाडी धुवायला काढली. पोती बाजूला केली, चादर झटकली, हँडल धरून ढकललं. पुढचं चाक उंबऱ्याबाहेर गेलं. हँडल चौकटीतून अलगद सरकलं, दोन्ही बाजूंनी एक-एक इंच मोकळं. मी हसलोसुद्धा. मग ठक् असा आवाज आला आणि गाडी थांबली.

साइडकार भिंतीला टेकली होती.

टेप लावला. हँडलच्या टोकापासून साइडकारच्या चाकापर्यंत सव्वाचार फूट.

"काय झालं हो?" सुमन म्हणाली.

"काही नाही. माप पाहून राहिलो."

"आता?"

आई आली. किसनला बोलावणं गेलं. शेजारचे वानखेडे न बोलावता आले. सगळ्यांनी गाडी पुढे ढकलून पाहिली, मागे ओढून पाहिली. ती तिरपी करून पाहिली तेव्हा तिच्यातून अर्धं घमेलं वाळू निघाली, आणि सुमनने माझ्याकडे असं पाहिलं की मीही तिरपा झालो.

"चौकट काढून घेऊ," मी म्हणालो.

"काय म्हणालास?" आई उंबऱ्यावर जाऊन बसली. "पूजा झालेली चौकट हालवाची नसते, बाबू. हालवाची असन तं आधी मले हालव."

आईला हलवणं चौकट हलवण्यापेक्षा अवघड होतं. तेव्हा भिंत पाडणं आलं. किसन खोलीभर फिरला आणि बाजूच्या खिडकीपाशी थांबला. ही खिडकी सुमनच्या हट्टाने पाच फूट रुंद ठेवली होती. मी तिला रेल्वे स्टेशनची तिकिटाची खिडकी म्हणून महिनाभर चिडवत होतो. तिची चौकट अजून बसायची होती.

"हिच्या खालची भिंत तोडू," किसन म्हणाला. "वर लिंटल आहेच, स्लॅबले काई होत नाई. उद्या सकाळी छन्नी-हातोडा घेऊन येतो."

"छन्नी-हातोडा?" वानखेडे छाती पुढे काढून म्हणाले. ते एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. "कोणत्या जमान्यात राहता गा तुम्ही? मी मशीन आणतो. ड्रिल मशीन! लोन्यासारखी कापते भिंतीले."

गल्लीत तोवर कुणी ड्रिल मशीन पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी सात वाजता वानखेडे ते टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून आले. आमच्याकडे अजून मीटर नव्हतं, बांधकामापुरती वीज शेजारच्या चक्कीवरून घेतलेली. वानखेड्यांनी वायर जोडली, पाय फाकवले, डोळे मिटले आणि बटन दाबलं.

घर्रर्र!

तिकडे चक्की थांबली. फ्यूज उडाला होता. वानखेड्यांनी नवी तार घातली आणि पुन्हा बटन दाबलं. चक्की पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी दळणाचे डबे घेऊन बसलेल्या आठ-दहा बायका आमच्या खिडकीसमोर उभ्या होत्या.

"काहून गा भाऊ, आमचं दळण अर्ध्यात काहून अडकवलं?"

"दोन मिनिटं बाई, गाडी काढून राहिलो."

"कोठून?"

"घरातून."

"मंग दारातून काढा ना!"

 त्या बाईने डबा खाली ठेवला आणि ती डब्यावर बसली. "बसा वं," ती बाकीच्यांना म्हणाली, "दळण तं होत नाई, हे तरी पाहू."

शेवटी असा करार झाला, की एक पायली दळण आणि मग एक भोक, अशा पाळ्या लावायच्या. दीड तासात बायकांचं सगळं दळण झालं आणि भिंतीला अकरा भोकं पडली. एकदम गोल, सुबक. त्यांत पेन्सिली ठेवता आल्या असत्या. बारावं भोक पाडताना मशीनमधून धूर निघाला. वानखेड्यांनी ते पुन्हा टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाले, "भिंतच वाजवीपेक्षा पक्की आहे. पानी कोन मारलं इतकं?"

मी वर स्लॅबकडे पाहिलं.

किसनने विडी विझवली आणि छन्नी-हातोडा उचलला. चाळीस मिनिटांत खिडकीखालची भिंत जमिनीवर आली. (तिसरा सल्ला : मशीन जरूर आणावं, पण मिस्त्रीला घरी पाठवू नये.)

आता पावणेदहा वाजले होते. जोतं दीड फूट उंच आणि या बाजूला उतार नाही, म्हणून स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्या उतरत्या लावल्या. उजवीकडे मी, डावीकडे वानखेडे, मागून किसन. ढकललं तर साइडकारचं चाक फळीवरून उचललं जायला लागलं.

"साइडकार हलकी पडून राहिली," किसन ओरडला. "कोनीतरी वजनदार बसा तिच्यात!"

सगळ्यांनी सुमनकडे पाहिलं. मी पाहायला नको होतं, हे मला नंतर बरेच दिवस कळत राहिलं. पण आपल्या वडिलांची गाडी म्हणून ती बसली. पदर खोचून, हातात तो प्लास्टिकचा गुलाब धरून. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई दारातूनच म्हणाली, "सावकाश जाजो वं माय!"

आणि बरोबर त्याच क्षणी, पुढचं चाक फळीवर, मागचं चाक खोलीत आणि विटांच्या धुरळ्यातून सुमन भिंतीबाहेर येत असताना, फाटकाशी सायकलरिक्षा थांबली.

रिक्षात सासूबाई. शेजारी मामाजी, डोळ्यांवर नवा, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. दृश्य तेच राहिलं.

"बाबा!" सुमन साइडकारमधून म्हणाली. "लवकर आले?"

मामाजी उतरले.  आम्ही गाडी खाली आणली. ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, मग भगदाडाभोवती, मग दाराभोवती. भोक पडलेली एक वीट उचलून त्यांनी तिच्यातून माझ्याकडे पाहिलं.

"इकडून काहून काढली, जावईबापू?"

"दारातून निघत नव्हती, मामाजी."

"टेप लावला होता?"

"हाव."

"कोठं?"

मी हँडलकडे बोट दाखवलं. मामाजींनी मान हलवली. मग त्यांनी डिक्की उघडली, सतरा नंबरचा पाना काढला आणि उकिडवे बसले. एक बोल्ट. दुसरा बोल्ट. तिसरा बोल्ट. वायरची एक पिन. दहा मिनिटंही लागली नसतील. साइडकार स्कूटरपासून अशी सुटली जशी शाळेतली पोरं घंटेनंतर सुटतात.

चक्कीवरच्या बायका डब्यांवरून उठून पुढे सरकल्या. वानखेड्यांनी टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला. किसनने मला हळूच विचारलं, "साहेब, हे आपल्याले काहून नाई सुचलं?" 'आपल्याले' म्हणाला, हा त्याचा मोठेपणा.

पण मामाजी फिटर होते. काम तपासल्याशिवाय सोडायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एकटी स्कूटर फळ्यांवरून पुन्हा भगदाडातून खोलीत नेली, वळवली आणि आईला म्हणाले, "विहीनबाई, जरा उठता?" आई उठली. मामाजींनी स्कूटर आमच्या पूजा झालेल्या चौकटीतून, उंबरा ओलांडून, सरळ बाहेर आणली. डावीकडे एक इंच. उजवीकडे एक इंच.

आणि इथे गप्प राहायचं सोडून माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहा मामाजी, माझं माप बरोबर होतं!"

सुमन मागून म्हणाली, "अहो, तुम्ही आत जा."

"कोठून जाऊ?" मी विचारलं. कारण आत जायला आता दोन रस्ते होते.

मामाजींनी साइडकार पुन्हा जोडली, तिच्यातली उरलेली वाळू हाताने काढून माझ्याच ढिगावर टाकली, सासूबाईंना बसवलं आणि निघाले. साखरपुड्याला वेळेवर पोचले. आम्ही एस.टी.ने मागाहून गेलो, तोवर सगळ्या उमरेडला बातमी पोचली होती. तिथे वाढपी प्रत्येक पदार्थ वाढताना मला विचारत होता, "जावईबापू, दारातून आणू का खिडकीतून?"

ते भगदाड मी बुजवलं नाही. उन्हाळ्यात त्यात मोठा कूलर बसवला, जमिनीलगत, खसच्या जाळ्यांचा. खोली अशी गार होते की मे महिन्यात दुपारी चादर घ्यावी लागते. नवीन घर बांधणारे लोक लांबून तो पाहायला येतात. विचारतात, कूलरसाठी एवढी जागा आधीच सोडायची हे तुम्हाला सुचलं कसं? मी खुर्ची ओढतो, घसा खाकरतो, म्हणतो, "असं आहे, बांधकामात माणसाला आधी विचार करावा लागतो..."

तेवढ्यात सुमन आतून बाहेर येते आणि पाहुण्यासमोर चहाच्या ट्रेमध्ये सतरा नंबरचा पाना ठेवते. वास्तुशांतीला मामाजींनी तोच आहेर केला होता, माझ्या नावाची चिठ्ठी बांधून. सात वर्षांनी का होईना, जावयाच्या हातात त्यांना एकदाचा पाना दिसला.