कापसातली वही

बायको जाऊन महिना झाल्यावर गादीवाल्याने तिची गादी उसवायला घेतली. चाळीस वर्षं गावाच्या गाद्या भरणाऱ्याच्या घरातली गादी दगड झाली होती. "लोकांचा कापूस पिंजता, घरच्याकडे कधी बघाल?" ती म्हणायची. आता बघायला बसला, तर कोपऱ्यातले चार टाके त्याच्या हातचे नव्हते. आत कापसात वही होती. अक्षर तिचंच.

ओठ हलवत त्याने वाचलं:

"तुझ्यासाठी दार लोटून ठेवलंय.
केसांत कापूस अडकलाय, तो तुझ्या हातांनी काढ.
इथे मला कुणी ओळखत नाही."

पानामागून पान तोच 'तू'. गादीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. ती चर्चच्या वाचनालयात झाडलोट करायची. बाकी कुठे जाणं-येणं नव्हतं. म्हणजे तिथलाच कोणीतरी! तो तरातरा गेला आणि म्हाताऱ्या फादरच्या टेबलावर वही आपटली.

"कोण हा? नाव सांगा."

फादरनी चष्मा चढवून दोन पानं वाचली. "अहो, बसा. हा माणूस नव्हे, देव आहे."

"देवाला कोणी केसांतला कापूस काढायला सांगतं होय? मला दूधखुळा समजलात?"

फादरनी कपाटातून मराठीत आणलेलं एक जाड जुनं पुस्तक काढलं. सातशे वर्षांपूर्वी एका संन्यासिनीने स्वतःला चर्चच्या भिंतीलगतच्या खोलीत कोंडून घेतलं होतं. देवालाच प्रियकर मानून ती लिहायची : राजा, माझ्या रेशमी शेजेवर ये.

"धूळ पुसता पुसता तुमच्या मंडळींनी हे पाठ केलं," फादर म्हणाले. "मग रेशीम काढून कापूस घातला. शिकलेल्या कवींनाही हे सहजी जमत नाही."

राग उतरला, तसा गादीवाला खुर्चीत बसला.

"माणूस असता तर भांडलो असतो, फादर. ह्याच्याशी काय भांडू?"

त्याने वही पुन्हा फादरपुढे सरकवली.

"एवढं बोलायचं होतं तिला. मी शेजारीच तर घोरत होतो. ह्यात मी कुठे आहे का? नीट बघा."

फादरनी शेवटपर्यंत पानं उलटली. खोटं त्यांच्याने बोलवेना. "तुम्ही नाही. तुमचा कापूस आहे, पानोपानी."

जरा वेळाने त्यांनी भीत भीत विचारलं, "चर्चच्या मासिकात छापू या? खाली 'गादीवाल्याची पत्नी' असं घालतो."

"छापा. पण मला त्यात घुसवू नका. तिने घेतलं नाही, तर मी आगंतुक कशाला जाऊ? तिचं माहेरचं नाव घाला."

"सांगा," फादरनी पेन उघडलं.

गादीवाल्याने तोंड उघडलं आणि तसाच थांबला. ते नाव त्याने एकदाच ऐकलं होतं, लग्नाच्या नोंदीच्या वेळी. त्यानंतर चाळीस वर्षं 'अगं'वर भागलं होतं.