कनातीआडचं काउंटर

विलासराव कुरुंदवाडकरांना दारूतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीचा छडा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माणूस मूळचा मिरजेचा. विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आला, खातीपुऱ्यात घर घेतलं आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिला. काम नुकसानभरपाईचे दावे तपासायचं. सीतापुऱ्यात कुठल्या कारखान्याला आग लागली की हे तिथे जाऊन ढीगभर प्रश्न विचारायचे, आणि त्यातल्या निम्म्यांचा दाव्याशी काडीचाही संबंध नसायचा. रजईत कापूस सरकत कसा नाही, निळा रंग पहिल्या धुण्याला का उतरतो, हे त्यांना कळलंच पाहिजे. कारखान्याचा मालक बिचारा डोक्याला हात लावून बसलेला, आणि हे जळक्या रजईचे टाके उसवून बघतायत.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न राजपूत घरात ठरलं. भार्गवी जयपुरातच वाढलेली, राघव तिच्याच ऑफिसातला. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि मुलाचे वडील दशरथसिंह इतके मऊ बोलणारे, की विलासरावांना सुरुवातीला संशयच आला. देण्याघेण्याचा विषय निघताच दशरथसिंहांनी कानाला हात लावले. निघताना फक्त एवढं म्हणाले, "बस, मेहमानों की खातिर में कमी न रहे, ब्याईसा." तिकडे व्याह्यांना ब्याईसा म्हणतात. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दोन्ही घरांचं जेवण मुलीकडून होतं. त्या खातिरदारीत पेयपानही आलं, हे राघवनं मान खाली घालून सांगितलं.

"अहो, पण दादांचं काय?" बायकोचा, सुहासिनीबाईंचा, पहिला प्रश्न.

दादा म्हणजे मनोहर, विलासरावांचे थोरले भाऊ, मिरजेला असतात. कुणी चहाचा दुसरा कप मागितला तरी चष्म्यावरून बघणारे. त्यांच्या समोर बाटली आली तर ते अक्षता टाकायलाही थांबणार नाहीत, याबद्दल नवराबायकोत दुमत नव्हतं.

विलासरावांची काळजी मात्र वेगळीच होती. उद्या त्या घरात कुणी भार्गवीला म्हणालं, तुझ्या बापाला पाहुण्यांचं करता आलं नाही, तर तिनं काय करायचं? ती उलट बोलणारी नाही, गिळून टाकणारी आहे. लेकीवर ती वेळ येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि लॉन, मांडव, आचारी यांचे पैसे देऊन झाल्यावर हातात उरलं होतं ते अगदीच बेताचं. तेवढ्यात कोणती दारू घ्यायची, हा प्रश्न कधी सोड्याची बाटली न उघडलेल्या माणसापुढे उभा राहिला.

मग काय, ते कामाला लागले. ऑफिसातला जुना सहकारी नीरज माथुर या विषयातला जाणकार. त्याला घेऊन विलासराव सी-स्कीममधल्या एका मोठ्या दुकानात गेले. आत पाऊल टाकताना त्यांनी एकदा मागे वळून बघितलं, जणू मिरजेचं कुणी पाठलागावरच होतं. पण आत गेल्यावर लाज पार विरघळली. एवढ्या बाटल्या! आणि प्रत्येकीवर काहीतरी लिहिलेलं!

"हे बारा साल रखते हैं, मतलब बारा साल में उसमें होता क्या है?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"सर, मुलायम हो जाती है."

"पण कशामुळे? पिंपाच्या लाकडामुळे की नुसतं पडून राहिल्यामुळे?"

दुकानदारानं नीरजकडे बघितलं. नीरजनं खांदे उडवले. विलासरावांनी पुढचं विचारलं. रमला उसाचा वास येतो का? बिअर कडू असते तर लोक पितात कशाला? महागातली आणि मध्यम यांतला फरक पाहुण्याला कितव्या पेल्यापर्यंत कळतो? या शेवटच्या प्रश्नावर दुकानदार पहिल्यांदा मनापासून हसला आणि म्हणाला, हे विचारणारे गिऱ्हाईक तुम्हीच पहिले. त्यानं एका उघड्या बाटलीचं बूच हुंगायला दिलं. विलासरावांनी डोळे मिटून हुंगलं. जुन्या कपाटात गूळ ठेवून विसरावं, तसा काहीसा वास. त्यांना तो आवडला, आणि आवडला म्हणून ते जरा घाबरले.

नीरजचा सल्ला सरळ होता. परदेशी काही नको, खिशाला भोक पडेल. दुपारची वेळ आहे, लोक बेतानंच घेतील. वडीलधाऱ्यांसाठी मध्यम किमतीची एकच व्हिस्की, थंडीचे दिवस म्हणून रम, पोरांना थोडी बिअर. "और विलासजी, बर्फ आणि सोडा हात सैल सोडून आणा. दारू कमी पडली तर लोक नाराज होतात, सोडा कमी पडला तर भांडतात." न उघडलेल्या बाटल्या दुकान परत घेईल, हे विलासरावांनी स्वतः विचारून पक्कं केलं. एका दिवसाचा परवानाही रीतसर काढला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत खोट काढलेला माणूस तो, स्वतःच्या कागदात कशी ठेवील?

राहता राहिले दादा. त्यावरही तोड निघाली. लॉनच्या टोकाला, जनरेटरच्या शेजारी, कापडाची कनात लावून मागे काउंटर मांडायचं. ज्यांना हवं ते गुपचूप जातील, घेतील, येतील. आपल्याकडे नाही का, लग्नात काही मंडळी मधूनच गाडीपाशी जाऊन येतात आणि बडीशेप चघळत परततात, तसंच. सुहासिनीबाईंना हे फार पसंत पडलं. वाढपी येणाऱ्या प्रत्येकाच्या कानात सांगेल, उधर इंतज़ाम है, असं ठरलं.

त्या दुपारी ऊन छान पडलं होतं. मुलाकडची मंडळी आली. रंगीत साफे बांधलेले काका-मामा गाद्यांवर लोडांना टेकून बसले. मधोमध राघवच्या आजी, दादीसा, पांढऱ्या ओढणीत ताठ बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला मिरजकर मंडळी, त्यात दादा, खांद्यावर उपरणं. पापड आले, भजी आली, गप्पा झाल्या. विलासराव कनातीकडे नजर ठेवून होते. पोरं जाऊन बिअर पिऊन आली. वडीलधाऱ्यांपैकी मात्र कुणी जागचं हललं नाही. वाढप्यानं कानात सांगितलं की ते मान डोलवायचे आणि बसून राहायचे.

विलासराव खूष! काय संयमी माणसं! बहुतेक बाटल्या आहेत तशा परत जाणार. ते सुहासिनीबाईंच्या कानाशी लागून म्हणाले, "उगाच घाबरत होतो आपण. घेतच नाहीत गं."

हळूहळू गप्पा विरळ झाल्या. दशरथसिंह दोनदा घड्याळ बघून हसले. एका मामांनी साफा काढून मांडीवर ठेवला. आणि मग भार्गवी बापाजवळ आली, चेहरा उतरलेला.

"बाबा, तू त्यांना विचारलंच नाहीस?"

"विचारलं की. सगळ्यांना सांगितलंय, काउंटर तिकडे आहे म्हणून."

"तिकडे कोण जाणार, बाबा? मतलब, मोठी माणसं स्वतः उठून नाही घेत. मनुहार करावी लागते. घरच्या मोठ्यानं आपल्या हातानं द्यायचं असतं, दादीसांपासून. वेटरनं सांगितलं तर..." तिला पुढचं मराठीत सुचेना. "राघवचे मामा म्हणतायत, आम्हाला लपवून ठेवलं."

दावे तपासणाऱ्या माणसानं जगातलं सगळं विचारलं होतं. कोणती, केवढ्याची, किती वर्षांची. द्यायची कुणी, हे विचारायचं राहून गेलं होतं! आणि तेही इतकी वर्षं या गावात काढून.

ते कनातीमागे गेले. हाताला लागली ती बाटली उचलली, रमची निघाली. एक चांदीची वाटी सुहासिनीबाईंनी उद्यासाठी आणून ठेवलेल्या पूजेच्या सामानातून घेतली. बाहेर येताना दादांच्या समोरून जावंच लागत होतं. त्यांनी तिकडे बघितलं नाही. सरळ दादीसांपुढे जाऊन गुडघ्यावर बसले आणि वाटी पुढे केली.

"ना ब्याईसा," दादीसांनी वाटीवर हात धरला. "अब इस उमर में कहाँ."

नाही म्हणाल्या! विलासराव उठायला लागले. बाई नको म्हणते तर जबरदस्ती कशी करणार? पण दादीसांचा हात वाटीवरून निघेना, आणि डोळे मात्र त्यांच्यावर रोखलेले, वाट बघणारे. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. पंगतीत जिलबीला नको म्हणून पानावर आडवा हात धरणारा पाहुणा असाच बघतो. आग्रह! हा तर आपला आग्रह आहे! त्यांना एकदम हलकं वाटलं. यात मिरजेची माणसं कुणाला हार जाणारी नव्हती.

"एक घोट, माँसा," ते म्हणाले. "मेरी क़सम. मुलीच्या बापाचा एवढा मान ठेवा."

काय भाषा झाली त्यांची त्यांनाच कळलं नाही. दादीसांना कळलं. त्यांनी हात काढला, वाटीत बोट बुडवून देवीच्या नावानं थेंब शिंपडले, एक घोट घेतला, आणि वाटी तशीच उलट विलासरावांपुढे धरली.

"अब आप."

सगळा मांडव बघत होता. विलासरावांनी वाटीत पाहिलं. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त उत्सुकता होती. त्यांनी घोट घेतला. जीभ पोळली, कान गरम झाले, नाकात गुळाचा वास भरला. हे एवढ्यासाठी? असं त्यांच्या तोंडावर इतकं स्पष्ट उमटलं की दादीसा तोंडाला ओढणी लावून खुदखुदल्या. त्यांनी भार्गवीचा हात धरून तिला शेजारी ओढून बसवलं. विलासराव वाटी-बाटली घेऊन मामांकडे वळले.

त्याच वेळी समोरच्या रांगेतून दादा उठले.

सुहासिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. दादा चपला घालायला वळले नाहीत. ते सरळ चालत भावापाशी आले आणि त्यानं पुढे मामांसमोर धरलेल्या वाटीकडे चष्म्यावरून बघितलं. मामा रुसलेले, मान फिरवून बसले होते, आणि विलासराव वाटी धरून नुसते उभे होते.

"आग्रह असा करतात होय रे, विलास? उभ्या उभ्या? सर बाजूला."

"दादा, तुम्ही..."

"मुलीचा काका आहे मी. दे इकडं."

दादांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हाताला गुंडाळलं, त्या गुंडाळलेल्या हातानं बाटली धरली आणि वाटी काठोकाठ भरली. मग मामांच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि त्यांना एक अक्षर कळणार नाही अशा मराठीत म्हणाले, "मागं सारू नका हो. पोटची पोर दिलीय आम्ही तुम्हाला. त्यापुढं हे काय आहे?"

मामांनी दोन्ही हात पुढे केले.