डाव्या खांद्यावरच्या दोन थापा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या बँकेत पासबुक भरून आलेल्या माणसाला भुतं काय घाबरवणार? तरी हे लिहितोय, कारण गेल्या जानेवारीतली एक सकाळ काही केल्या उलगडत नाही...

मी आणि माझी बायको सुनंदा वीस हिवाळे घुबडांचे फोटो काढतोय. आमच्या ओळखीतले हौशी फोटोग्राफर लढाईवर निघाल्यासारखे कपडे घालून, तोफेएवढी लेन्स घेऊन येतात. आम्ही आपले घोंगडं पांघरून बसतो. घुबडाचे कान फार तिखट, म्हणून बोलणं बंद. मी पुढे, सुनंदा मागे. माझ्या डाव्या खांद्यावर तिच्या डाव्या हाताची एक थाप म्हणजे हलू नका. दोन थापा म्हणजे डावीकडे, वर.

त्या जानेवारीच्या आधीच्या दिवाळीत तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं शाबूत राहिलं ("ते कशाला जातंय," असं तीच म्हणते), पण डावा हात मांडीवर नुसता पडून. एका काकांनी येऊन निदान केलं — वीस वर्षं घुबडं भिंतीवर टांगलीत, दुसरं काय होणार! मी हसलो. सुनंदा हसली नाही. आठवड्याने म्हणाली, "उतरवा ते फोटो. हात काही आता येत नाही."

वीस वर्षांत तिने हार मानलेली मी पहिल्यांदा ऐकली. फोटो उतरवले नाहीत. जानेवारीत तिला गाडीत घालून कळमेश्वरच्या पुढे नेलं. तिथे आमच्या ओळखीच्या देवरावजींच्या संत्र्याच्या बागेमागे नाला आहे. त्याच्या उंच दरडीत शृंगी घुबडाची जोडी राहते. सुनंदाला खाली उतरणं शक्य नव्हतं. गाडी बागेच्या अलीकडे ठेवली, देवरावजी तिच्याजवळ थांबले. मी दोनशे पावलं पुढे, नाल्यात एकटा.

सकाळचे सात वाजत आले होते. धुकं होतं. मी उजवीकडच्या नेहमीच्या कपारीवर लेन्स रोखून बसलो. अर्धा तास काहीच नाही. आणि मग — डाव्या खांद्यावर दोन थापा. स्पष्ट. दुसरी जरा वैतागलेली, तिची असते तशी. सवयीने लेन्स डावीकडे वर फिरवली आणि बटण दाबलं. दरडीच्या टोकावर घुबड होतं.

मग आठवलं, सुनंदा गाडीत आहे. मागे पाहिलं. दवाने भिजलेल्या गवतात फक्त माझीच पावलं...

बाग ओलांडतो तर देवरावजी लगबगीने सामोरे आले. "वहिनीचा हात हलला जी! दोन डाव काचेवर वाजवलं. मी म्हटलं, मले बोलावून राहिल्या का."

न मागता परत आलेल्या भांड्याकडे बघावं, तशी सुनंदा आपल्या बोटांकडे बघत होती.

"मिळालं का?" तिने विचारलं.

"काय?"

"घुबड. तुम्ही सारखे उजवीकडेच बघत होता."

गाडीतून नाला दिसत नाही. मी दिसत नाही. मध्ये अख्खी बाग आहे.

डॉक्टर म्हणाले, नसा कधीकधी अशा अचानक जाग्या होतात. मान्य. माझ्या खांद्याचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारून उत्तर मिळालं असतं असंही वाटत नाही. फोटो हलला आहे, तरी तो भिंतीवर लावला. काकांनी चहा त्याच्याखालीच बसून घेतला.

यंदाच्या थंडीत सुनंदा पुन्हा माझ्या मागे घोंगड्यात बसते. डाव्या हाताने थापा देते. अजून त्या हलक्याच आहेत, लक्ष ठेवावं लागतं.

त्या सकाळच्या जास्त जोरात होत्या.