येणाऱ्या पाण्याकडे पाठ

कल्पना करा, तुम्ही एका आखूड प्लास्टिकच्या कयाकमध्ये बसला आहात. बसला आहात म्हणजे काय, पायमोज्यासारखी ती तुम्ही अंगात चढवली आहे. कमरेखाली तुम्ही आणि होडी एकच. नदीच्या मधोमध मोटारीएवढा खडक आहे. पावसात छपराखाली उभं राहावं तसे तुम्ही त्याच्या मागच्या थांबलेल्या पाण्यात आहात. हातभर अंतरावर मात्र पाणी धावतंय. दोन पाण्यांच्या मधे एक थरथरणारी रेघ आहे. ती ओलांडून तुम्हाला धावत्या पाण्यात शिरायचंय. होडीचं नाक बाहेर काढलंत की वरच्या अंगाने येणारं पाणी तिच्या कुशीवर आदळणार. क्षणभरात ठरवायचंय, झुकायचं कुठे? पाणी येतंय तिकडे, की पाणी जातंय तिकडे?

ग्वेंडा ट्रिफिटने काही ठरवलं नाही. तिचं अंग आपणहून पाणी येत होतं तिकडे झुकलं, आणि पापणी लवायच्या आत ती उलटी झाली.

"सहावी!" काठावरून स्टॅव्ह ओरडला. होबार्टचा हा नळकामवाला तिच्याच वर्गात शिकायला आला होता आणि स्वतः चार वेळा उलटला होता. "पाणबुडी बाई, खाली काही सापडलं का?"

ग्वेंडा खालच्या वळणावर वर आली. उलटलेली होडी एका हातात, वल्हं दुसऱ्या हातात, तोंडात नदी. समुद्रात उलटली असती तर कमरेच्या झटक्यासरशी ती सरळ झाली असती; ती कोलांटी तिला झोपेतही येत होती. इथे मात्र डोकं खाली गेलं की प्रवाह वल्हं हिसकायचा, दिशाच कळायची नाही, मग नाइलाजाने कमरेभोवतीचं रबरी झाकण ओढून बाहेर पडायचं आणि पोहत सुटायचं. वरच्या वीजघराने शनिवारी सकाळी दहाला पाणी सोडलं होतं. ते तळ्याच्या तळातलं पाणी. भर जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातही, त्याने दात वाजत होते.

"तुझे सापडले का दात?" ती ओरडली. "मगाशी गिळलेस ना?"

स्टॅव्ह हसला. ती हसली नाही. होडी खांद्यावर टाकून ती पुन्हा वर चालू लागली.

वर खडकाजवळ टालिया उभी होती. शिकवणारी. वय चोवीस, नाकात चमकी, अंगावर विटलेलं लाइफजॅकेट. बोलायला फटकळ, पण होडी उलटली की सगळ्यांत आधी पाण्यात उडी तिचीच.

"ग्वेन, किती वर्षं समुद्रात आहेस तू?"

"अठरा."

"तरीच. नवा माणूस दोनदा उलटतो आणि शिकतो. तू अठरा वर्षं बरोबर घेऊन येतेस प्रत्येक वेळी." टालियाने वल्ह्याच्या दांड्याने वाळूत रेघ ओढली. "लाट कुशीवर आली की तू काय करतेस?"

"तिच्यावर झुकते. वल्हं तिच्या पाठीवर टेकवते."

"बरोबर. कारण लाट येते आणि जाते. तिच्यावर रेललीस की ती तुला सावरते. इथे लाट नाही. इथे सगळं पाणीच चाललंय. तू त्याच्याकडे झुकलीस की होडीची वरची कड पाण्यात घुसते, पाणी तिच्यावर चढून बसतं, आणि गेलीस. म्हणून जिकडे पाणी जातंय तिकडे झुकायचं. येणाऱ्या पाण्याला होडीचं बूड दाखवायचं."

"बूड?"

"हो, बूड. स्वच्छ, निर्लज्जपणे. सासूकडे पाठ करून बसतात ना, तसं."

"मला सासू नाही," ग्वेंडा म्हणाली. "कुणीच नाही."

हे तिने विनोद म्हणून म्हटलं होतं. टालिया एवढंच म्हणाली, "चल, सातवी."

ग्वेंडाचं वय सत्तावन्न. होबार्टच्या दक्षिणेला डोव्हर गावात, जेटीपासून चार घरं सोडून राहायची. समुद्रात पाळलेल्या सॅमन माशांच्या पिंजऱ्यांची फाटलेली जाळी शिवणं हे तिचं काम. मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास ती, रेडिओ आणि एकरभर जाळं. सीलनी भोकं पाडायची आणि तिने बुजवायची. पूर्वी या कामाला पाच बाया होत्या. आता एक मशीन होतं आणि मशीनला न जमणारे कोपरे होते. त्या कोपऱ्यांसाठी ग्वेंडा होती.

शनिवार मात्र समुद्राचा असायचा. ती आणि तिचा थोरला भाऊ रॉइस. रॉइसनेच तिला शिकवलं. तिचा घटस्फोट झाला त्या वर्षी हिवाळ्यात तो दारात आला, म्हणाला, "रडायचं असेल तर पाण्यावर रड, तिथे खारटपणा मोजत नाहीत," आणि तिला होडीत बसवलं. तेव्हापासून दोघं पंधरा वर्षं त्या किनाऱ्याच्या प्रत्येक खाचेत जाऊन आली. पाण्यावर दोघांत फारसं बोलणं नसायचं. लाट मोठी आली की एकमेकांना ओरडून सांगायची एकच गोष्ट होती, "मिठी मार!" म्हणजे लाटेवर झुक, तिला कवटाळ. रॉइसचाच शब्द तो. पुढे सवयच झाली. गरज नसली तरी ओरडायचं. ऐकू आलं की कळायचं, मागचा अजून मागे आहे.

तीन वर्षांपूर्वी गॅनेट टोकापाशी, जमीन समुद्रात घुसते तिथे, रॉइस उलटला.

टोकाच्या मागे शांत पाणी असतं. टोक ओलांडलं की ओहोटीची धार लागते. खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर पळत असतं. त्या दिवशी धार काही फार नव्हती. ग्वेंडा पुढे जाऊन धारेत शिरली होती, मागून रॉइस येत होता. तिने मान वळवून पाहिलं तेव्हा तो शिरतच होता. पुन्हा पाहिलं तेव्हा होडीचं पिवळं बूड वर होतं. तीनदा त्याने सरळ व्हायचा प्रयत्न केला, मग बाहेर पडला. धारेने दोघांना उघड्या समुद्राकडे नेलं. त्याला परत होडीत चढवून दोराने ओढत किनाऱ्याला आणेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तोवर त्याचे ओठ शिसवीसारखे झाले होते आणि तो तिला आईच्या नावाने हाक मारत होता.

वाचला. दोन दिवसांनी इस्पितळातून घरी आला. तिसऱ्या आठवड्यात त्याने होडी विकली.

"कंटाळा आला," तो म्हणाला. "वय झालं, ग्वेनी."

कयाक क्लबातल्या लोकांनी पहिले काही महिने विचारलं. रॉइस? गॅनेटच्या त्या एवढ्याशा धारेत? कसं शक्य आहे? मग त्यांनी विचारणं सोडलं. रॉइसला विचारलं तर तो खांदे उडवायचा, "मलाच कळलं नाही. होतो, आणि नव्हतो." डॉक्टरांनी डोकं तपासलं, हृदय तपासलं. काही निघालं नाही. काही निघालं नाही याचीच त्याने जास्त धास्ती घेतली. गाडीसुद्धा सावकाश चालवायला लागला.

तेव्हापासून ग्वेंडा एकटी जायची. पाच मीटरची होडी एकटीने गाडीच्या टपावर कशी चढवायची हे तिने शोधून काढलं: मागच्या काचेवर जुना टॉवेल, होडीचं नाक त्यावर, आणि शेपटाकडून ढकलत राहायचं. एकटीने कॉफीचा थर्मास न्यायची, तरी कप दोन घ्यायची, सवयीने. ती उत्तरेकडे जायची, पूर्वेकडे जायची. गॅनेट टोकापर्यंत गेली की मात्र होडी वळवायची. धार दिसायची, पलीकडचा किनारा दिसायचा. तिला भीती पाण्याची नव्हती. रॉइससारखा माणूस का उलटला हे कळल्याशिवाय तिला तिथून पुढे जाता येत नव्हतं, एवढंच. एकदा क्लबातल्या कुणीतरी सहज म्हटलं, "टोकाची धार म्हणजे काय, खारट नदीच. समुद्रात कळत नसेल तर नदीवर जाऊन शिक." हे तिच्या डोक्यात बसलं. आणि म्हणून ती इथे होती, दात वाजवत, सातव्या वेळेला.

सातव्यांदाही उलटली. आठव्यांदाही.

नवव्या वेळी टालिया स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून खडकाला टेकून उभी राहिली. "माझ्याकडे बघू नकोस. पाण्याकडेही बघू नकोस. खाली ते वाकलेलं झाड दिसतंय? त्याच्याकडे बघ. आणि बूड दाखव."

ग्वेंडाने झाडाकडे पाहिलं. दोन जोरकस हात मारले. नाक रेघेवर गेलं, आणि तिचं सगळं अंग ओरडून सांगत होतं, वर झुक, वर झुक. तिने दात आवळले आणि खालच्या अंगाला झुकली. पडत्या माणसाने हात सोडून द्यावा तसं वाटलं. होडीच्या बुडाखालून पाणी सरकन निघून गेलं. नाक आपोआप वळलं, आणि ती धावत्या पाण्यावर होती, सरळ, वाकलेल्या झाडाच्या दिशेने.

"आली रे आली!" स्टॅव्हने काठावर नाचून दाखवलं. "सासूबाई गेल्या!"

खालच्या शांत पाण्यात ग्वेंडाने होडी थांबवली. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि अर्धा क्षण झालाही. मग तिला गॅनेट टोक दिसलं. टोकामागचं थांबलेलं पाणी, पलीकडे पळणारी धार, मधली थरथरणारी रेघ. रॉइसचं पिवळं नाक रेघेबाहेर येताना. इथे ती आज आठ वेळा उलटली होती ना, अगदी तसं. एवढ्याशा धारेत, काही कळायच्या आत.

म्हणजे हृदय नव्हतं. वय नव्हतं. तो चुकीच्या बाजूला झुकला होता.

आणि तिला हेही आठवलं, जे तिने तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. त्याला रेघेवर पाहून ती ओरडली होती. नेहमीसारखं. "रॉइस, मिठी मार!"

टालिया पोहत जवळ आली. "काय झालं? चेहरा का असा? जमलं की!"

"जमलं," ग्वेंडा म्हणाली. "थंडी वाजतेय."

रविवारी दुपारी वर्ग संपला. ती तशीच रॉइसकडे गेली, ओले कपडे मागच्या सीटवर. त्याने मेंढीची तंगडी भाजायला ठेवली होती. रविवारचं जेवण अजून दोघं एकत्र घ्यायची. बोलणं हवामान, शेजारी, परसातला भोपळा यांवर. ती आली तेव्हा तो मागच्या अंगणात बटाटे सोलत होता, सालं कोंबड्यांना टाकत.

"नदीत पोहून आलीस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"केसांत शेवाळ आहे." त्याने सुरीने दाखवलं. "या वयात. लोक विणकाम शिकतात."

"विणकाम मी आठवडाभर करते."

ती त्याच्या समोरच्या उलट्या बादलीवर बसली. एक बटाटा उचलला, आणि नखाने त्याच्यावर दोन पाणी काढून दाखवली. इथलं थांबलेलं, इथलं धावतं. होडी अशी निघाली. पाणी असं आलं. आठ वेळा उलटले मी, रॉइस. दरवेळी येणाऱ्या पाण्याकडे झुकून. नवव्या वेळी उलट्या बाजूला झुकले आणि निघाले.

रॉइस सुरी हातात धरून ऐकत राहिला. कोंबड्या त्याच्या बुटांवर टोचा मारत होत्या.

"म्हणजे गॅनेटला," तो हळूच म्हणाला.

"हो."

"म्हणजे डोकं नाही."

"डोकं तुझं आधीपासूनच तसलं आहे. पण नाही. ते नाही."

तो हसला. इतका की त्याला सुरी खाली ठेवावी लागली, आणि त्याने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. "तीन वर्षं," तो म्हणाला, "तीन वर्षं मी रात्री स्वतःची नाडी धरून झोपतो, ग्वेनी."

तिला हे माहीत नव्हतं.

तो उठला, नळावर बटाटे धुवायला लागला. पाठमोरा. पाणी बादलीत वाजत होतं. मग त्याने नळ बंद केला.

"पण एक कळत नाही," तो म्हणाला. "त्या धारेत मी याआधी शिरलोय. पन्नासदा तरी. याहून जोरात असताना. असं झुकायचं, तसं झुकायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिथे अंग आपोआप बरोबर बाजूला जायचं. त्याच दिवशी उलट्या बाजूला का गेलं?"

ग्वेंडाच्या हातात तो रेघोट्या ओढलेला बटाटा होता.

"वारा होता का?" त्याने विचारलं.

"होता थोडा."

"समोरून?"

"माझ्याकडून तुझ्याकडे."

"हं," रॉइस म्हणाला, आणि बटाट्यांचं पातेलं घेऊन आत गेला. ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला, मग भाजल्या मटणाचा वास. आतून त्याने विचारलं, पुढच्या शनिवारी ती कुठे जाणार आहे, आणि क्लबात कुणाकडे त्याच्या मापाची जुनी होडी विकायला आहे का. तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मग तेच पुन्हा, आणखी मोठ्याने.

"बघते," ती म्हणाली.

ती बादलीवरच बसून राहिली. आत जावं आणि विचारावं, एवढंच करायचं होतं. दहा पावलं. त्या दिवशी, रेघेवर, पाणी अंगावर येत असताना, माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचला होता का रे?