फडावर राहिलेलं आधार कार्ड

मे महिना लागला की माझा वर्ग ओस पडतो. गडचिरोलीत माझ्या घराच्या ओसरीवर मी बारावीच्या पोरांची प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेतो, फुकट, आणि ही पोरं ऐन परीक्षेच्या तोंडावर तेंदूपत्ता तोडायला जंगलात पळतात. बिडीचा तो पत्ता थोडेच दिवस मिळतो आणि त्यावर घराचं वर्ष निघतं, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही दरवर्षी माझं डोकं फिरतं.

गेल्या मे महिन्यात ते जरा जास्तच फिरलं. धानोऱ्याच्या पुढच्या एका गावातली मुलगी माझ्या वर्गात सगळ्यात पक्की होती. तिला नर्स व्हायचं होतं. सरकारी कॉलेजात जागा मिळाली तरच, कारण खाजगी कॉलेजचं नाव काढायचीही घरची ऐपत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा, आणि या बाई आठवडाभर गायब. फोन लागेना. मी गाडीला किक मारली आणि भर दुपारी तिच्या गावी जाऊन धडकलो.

अंगणातल्या मांडवात सगळं घर पत्त्यांचे पुडे बांधत बसलं होतं. मला पाहून बापानं हातातला पुडा टाकून खाट ओढली, आईनं पाणी आणलं. मी पाण्याला हातही लावला नाही.

"उद्या पोरीची परीक्षा, आणि तुम्ही तिला इथं बसवलंय? जन्मभर पुडेच बांधायला लावणार आहात का तिला?"

बाप मान खाली घालून उभा राहिला. मुलगीच बोलली. "सर, मी येनारच होतो. सांजेच्या गाडीनं. फडावर जाऊन मंग..."

"फड गेला खड्ड्यात! बस गाडीवर."

फड म्हणजे संध्याकाळी पत्ता मोजून घेतात ती जागा. मला वाटलं, हिचा जीव अजून त्या पुड्यांतच अडकलाय. ती पुन्हा काही बोलायला गेली तोवर मी गाडी सुरू केली होती. बापानं धावत जाऊन तिची पिशवी आणून दिली. सगळ्या वाटेनं मी तिला भाषण ऐकवलं. एका पोरीचं आयुष्य मार्गाला लावल्याच्या थाटात होतो मी, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत.

संध्याकाळी बायकोनं तिला जेवायला वाढलं. जेवणं झाल्यावर मी सामान तपासायला बसलो. हॉल तिकीट होतं, फोटो होता, पेन होते.

"आधार?"

"फडावर हाय, सर."

तोडलेल्या पत्त्याची मजुरी ज्यावर लिहितात ते कार्ड यंदा तिच्या नावानं काढायचं होतं. गावात झेरॉक्स नाही, म्हणून फडावर पत्ता मोजणाऱ्या मुन्शीनं सगळ्यांची असल आधार कार्डं धानोऱ्याला नेली होती आणि त्या संध्याकाळी तो ती परत देणार होता. ते घेऊन ती गाडीत बसणार होती.

"मग दुपारी सांगितलं काऊन नाई?" मी ओरडलो.

"सांगूनच राह्यलो होतो नं, सर."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

असल ओळखपत्राशिवाय केंद्रात घेत नाहीत, हे मीच वर्गात घोकून घेतलेलं. मी म्हणालो, आता अंधारात त्या रस्त्यानं कोणी जात नाही, सकाळी केंद्रावरच्या साहेबांशी बोलतो मी. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. जंगलातून एकट्यानं जायची माझी छाती झाली नाही.

सकाळी साहेबांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. मी मास्तर असल्याचं तीनदा सांगितलं, तसा मीच मला केविलवाणा वाटू लागलो. मुलगी फाटकाजवळ उभी राहून आत जाणाऱ्या पोरींकडे बघत होती. रडत नव्हती. मला तिच्या शेजारी उभं राहवेना, म्हणून मी रस्त्याकडे तोंड करून थांबलो.

त्यामुळे तिचा बाप मला आधी दिसला. सायकलवर. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. फडावर कार्ड हातात पडलं तेव्हा त्याला सगळं उमगलं होतं, आणि पहाटेची वाट न बघता तो निघाला होता. त्याच रस्त्यानं. छातीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड त्यानं काढलं. पोरगी ते घेऊन पळत आत गेली आणि तिच्यामागं फाटक बंद झालं.

बाहेर आम्ही दोघंच उरलो. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याच्या पायांवर डोकं ठेवलं असतं तरी कमीच होतं. पण त्यानंच आधी हात जोडले.

"माफी करा सर. आमच्या पायी तुमाले लय तरास झाला."

आणि मी, इतक्या वर्षांची मास्तरकी अंगात मुरलेला मी, म्हणालो, "ठीक आहे. पुढच्या वेळी लक्ष ठेवत जा."

"हो, सर," तो म्हणाला आणि सायकल भिंतीला टेकवून पोरीची वाट बघत उन्हात बसला.