जास्वंदीवरचा मावा

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही कोल्हापुरात दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. घरामागं जेमतेम खाट मावेल एवढं अंगण, मग तारेचं कुंपण आणि पलीकडे गुळाच्या एका व्यापाऱ्याचं घर. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत आवाज सारखाच मोठा. कुंपणाला लागून त्यांची जास्वंद होती. तिच्या फांद्या आमच्या बाजूला वाकल्या होत्या.

त्या फांद्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक हिरवे किडे, पडला होता आणि माव्याभोवती मुंग्यांची ये-जा चालायची. एकदा साध्या भिंगातून बघताना मुंगीनं माव्याला मिशांनी थोपटलेलं दिसलं. त्याच्या अंगातून एक थेंब आला आणि तिनं तो पिऊन टाकला. त्या थेंबाचा फोटो काढायचा, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

कॅमेरा होता, जुन्या बाजारातला, रशियन. किड्यांसाठी लागणारी लेन्स परवडण्यासारखी नव्हती. पण आहे तीच लेन्स उलटी बसवली तर भिंगासारखी चालते, असं कुठंतरी वाचलं होतं. उद्यमनगरातल्या एका टर्नरनं त्यासाठी मला ॲल्युमिनियमची रिंग लेथवर कातून दिली.

"उलटी बसवल्यावर माणसं उलटी दिसत न्हाईत व्हय?" त्यानं विचारलं.

"माणसांसाठी नाही, मुंग्यांसाठी पाहिजे."

त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि रिंग हातात ठेवली.

उलट्या लेन्सला फोकस फिरवून उपयोग नसतो. आपणच सूतभर पुढं-मागं सरकायचं. श्वास सोडला तरी मुंगी पुसट होते. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून त्याच्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवला होता. एका रविवारी सकाळी मी कुंपणाशी पोतं अंथरलं, पालथा झोपलो आणि विटेवर कोपर टेकून एकेक फोटो घ्यायला लागलो.

वीसेक झाले असतील. फ्लॅश उडाला आणि पलीकडं बादली आपटली. मान वर केली तर अण्णांची थोरली मुलगी ओले केस पुसत नळापाशी उभी होती, जास्वंदीच्या बरोबर मागं. टॉवेल खांद्यावर ओढून ती आत गेली. मी पुन्हा मुंगीकडं वळलो.

संध्याकाळी अण्णा आले. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ. बायकोनं खुर्च्या पुढं केल्या, पण दोघंही बसले नाहीत.

"मास्तर, सकाळी कुणाचा फोटो काढलासा?"

"मुंग्यांचा."

भाऊ नुसता नाकातून हसला.

"पालथं पडून," अण्णा म्हणाले, "पोरगी न्हाऊन आली त्याच टायमाला. तिला पावणं बघून गेल्यात. होकार यायचा हाय अजून. ठाऊक हाय न्हवं तुम्हास्नी?"

ठाऊक होतं. पाहुणे आले त्या दिवशी जादा लागलेल्या खुर्च्या आमच्याच घरून गेल्या होत्या.

भावानं टेबलावरचा कॅमेरा उचलला आणि मागचं झाकण चाचपायला लागला. मी तो त्याच्या हातातून ओढून छातीशी धरला. हे कसं दिसतंय, ते धरल्यावर कळलं.

"उघडू नका," मी म्हणालो. "उजेड लागला की रोल गेला. त्यात काय होतं ते मग कुणालाच कळणार नाही."

"मग तुझं बरंच की," भाऊ म्हणाला.

अण्णांनी त्याला हातानं थांबवलं. "रोल बाहेर काढता येतोय?"

"गुंडाळून काढता येतो."

"काढा. माझ्यासमोर."

मी रोल गुंडाळला. अजून दहा-बारा फोटो शिल्लक होते. रोल गुंडाळायची बारकी मूठ बोटांतून दोनदा सुटली. अण्णांनी रोल घेऊन खिशात टाकला. "उद्या दोघं मिळून धुवून आणूया."

ते गेल्यावर बायकोनं दार लावलं. "मुंग्याच ना?"

"मुंग्याच," मी म्हणालो आणि म्हणतानाच आठवलं. रोलच्या सुरुवातीला फ्लॅश बघायला म्हणून मी लेन्स सरळ ठेवून जास्वंदीचेच दोन फोटो काढले होते. मागं त्यांचं परस आलं असणार. तिथं कोण होतं, ते आठवेना.

मी बायकोला तेही सांगितलं.

"आठवत नाही म्हणजे काय?" एवढंच ती म्हणाली. घडी केलेली साडी तिनं उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

दुसरी भीती मी तिला सांगितली नाही. उलट्या लेन्सचा हा पहिलाच रोल होता. मुंग्यांचे फोटो काळेच निघाले, तर पाकिटात ते दोनच फोटो उरणार होते.

सोमवारी शाळेत रजेचा अर्ज देऊन अण्णांच्या स्कूटरवर मागं बसलो. लॅबवाल्यानं तासाभरानं या म्हणून सांगितलं. आम्ही हललो नाही, तिथल्याच बाकावर बसून राहिलो. अण्णांनी दोन चहा मागवले. माझा कप तसाच राहिलेला बघून म्हणाले, "घ्या. अजून काय ठरलेलं न्हाय."

पाकीट आलं ते त्यांनीच घेतलं. पहिला फोटो, जास्वंद आणि मागं दोरीवरची पट्ट्यापट्ट्यांची चादर. दुसरा तसाच, पण चादरीखाली दोन पाय आणि हिरव्या साडीचा काठ. अण्णा त्या पायांकडं बघत राहिले. मी स्वतःला सांगत होतो, मुलगी साडी नेसत नाही. पण खात्रीनं मला तेही माहीत नव्हतं.

"ही आमच्या घरातली," शेवटी ते म्हणाले. मग हळू आवाजात, "पोरीची आई."

पुढचे फोटो काळे. मग तपकिरी धुकं, चार-पाच वेळा तेच. त्यानंतर एक फोटो आला आणि अण्णा उठून दारातल्या उजेडात गेले. हिरवा मावा, त्याच्या टोकाला थेंब, आणि मुंगी अशी स्वच्छ की तिच्या पायावरची लव मोजावी.

"हे काय?"

"मुंगी. आणि हा मावा, तुमच्या जास्वंदीवरचा."

उरलेले सगळे त्यांनी एकेक करून बघितले, दोनदा. माफी मागितली नाही. परतताना स्कूटरच्या आवाजातच मान वळवून म्हणाले, "पोरगी सांगत होती, मास्तर खालीच बघत हुतं म्हणून. आमीच ऐकलं न्हाय." थोडं पुढं गेल्यावर, "पर तुमी बी आधी हाक मारायची की, मास्तर."

मुलगी आत गेली तेव्हा मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. मुंगीपुढं मला ते सुचलंच नव्हतं.

मुंगीचा फोटो अण्णांनी घरी दाखवायला ठेवून घेतला. दोन दिवसांनी शाळेतून आलो तर परसात औषधाचा वास. अण्णा नाकाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन जास्वंदीवर फवारत होते.

"तुमच्या फोटोमुळं कळलं," ते मोठ्यानं म्हणाले. "झाड पार खाल्लंतं की हो."

थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण झाड त्यांचं होतं, आणि रविवारची गोष्ट अजून ताजी होती. पानांवरून पांढरट पाणी ठिबकत होतं. खाली आमच्या बाजूच्या मातीत मुंग्या पाय आखडून पडल्या होत्या. मी तिथंच उभा राहिलो. बायको आतून दोनदा जेवायला हाक मारून गेली.

पाहुण्यांकडून आलेला होकार मी अण्णांच्या आवाजावरूनच ओळखला. पुढच्या एका सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. थोरली मुलगी कपडे वाळत घालत होती. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "सर, नळाकडच्या फांदीला औषध पोचलं न्हाय. मुंग्या हायत तिथं."

मग रिकामी बादली उचलून ती आत गेली आणि परसाचं दार तिनं लावून घेतलं.